सव्वा महिना आणि अठ्ठावीस दिवस : गिरणीतल्या बाळंतिणीचा कायदा

१/ बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये, हा आपल्याकडचा जुना दंडक. तेलाचे मर्दन, शेकशेगडी, धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. यामागे विटाळाची कल्पना होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात; त्या आडोशाने शरीराला तेवढी उसंत मिळे. अर्थात, घरात हाताखाली दुसरी बाई आणि कोठीत धान्य असेल तरच.

२/ गिरणगावात यांपैकी काहीच नव्हते. १९२० च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत हजारो स्त्रिया, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, राबत होत्या. खाडा म्हणजे मजुरी बुडाली. रिकामी जागा खात्यावरची नाईकीण दुसरीला देई. म्हणून दिवस भरत आले तरी काम सुटत नसे, आणि ओल्या बाळंतिणी लवकरच खात्यात परतत. तान्हे मूल रडू नये म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. आज अंगावर काटा येतो. त्या आईपुढे दुसरा मार्ग कोणता होता?

३/ १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा आणि नंतर सहा आठवडे विश्रांतीचा ठराव केला. ब्रिटिश हिंदुस्थानने तो स्वीकारला नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले विधेयकही फेटाळले गेले.

४/ मग रा. सं. आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचा युक्तिवाद नीट पाहावा. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित, म्हणून खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा. पण स्त्रियांच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत.

५/ १९२९ चा कायदा झाला, हिंदुस्थानातला असा पहिला. दिवसाला आठ आणे भत्ता, आणि प्रसूतीनंतर चार आठवडे कामावर घेण्यास बंदी. अठ्ठावीस दिवस! परंपरेच्या सव्वा महिन्याहूनही कमी.

६/ शिवाय सरकारने वाटा उचलला नाही. सगळा भार मालकावर पडला. पुढच्या दशकांत गिरण्यांतले स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. नवी यंत्रपद्धती आणि रात्रपाळीची बंदी हीही कारणे होतीच, पण बाई ‘महाग’ झाली हा हिशेब मालकांनी केला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने हा भार सामायिक निधीवर नेण्याची वाट उघडली. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवडे दिले. तोवर वाइंडिंग खात्यांतल्या बायका बऱ्याच ओसरल्या होत्या.