धारव्यांच्या मांडणीविषयी एक ऐतिहासिक टिपण
वाहक पट्ट्याच्या कप्पीचा दंड भाराने किंचित वाकतो. म्हणून त्याला स्वतःस रेषेत आणणारे धारवे योजतात. या निवडीचे मूळ मात्र कापडगिरणीत आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील गिरणीखालची चिकणमातीची जमीन खचे, लांबलचक दंड रेषेबाहेर जात व धारवे निकामी होत. तेथील अभियंता स्वेन विंगक्विस्ट याने १९०७ मध्ये बाह्य कड्याची आतील बाजू गोलाकार ठेवून गोळ्यांच्या दोन ओळींचा धारवा सिद्ध केला. अवजड भारासाठी पिंपाकृती रुळांचा धारवा आर्विड पाल्मग्रेन याने १९१९ मध्ये दिला.

मांडणीत एक धारवा दंडास जखडतो, तर दुसरा उष्णतेने लांबणाऱ्या दंडास सरकू देतो. ‘धारवा’ ही आपली संज्ञा केवळ धारण करणे सुचविते. हे सोडणे तिच्यात येत नाही.