कार्बनचा पापुद्रा

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९८८च्या अखेरीस ‘पेलेट्रॉन’ सुरू झालं. त्याच्या मधोमध १.४ कोटी व्होल्टपर्यंतचा धन विद्युतदाब. ऋण आयन तिकडे खेचले जातात. तिथे केसाहून हजारपटींनी पातळ कार्बनच्या पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळतात, ते धन होतात आणि तोच दाब त्यांना पुढे ढकलतो. एकाच व्होल्टेजची दुहेरी कमाई!

एकट्या आयनाऐवजी अणूंचा पुंजका आदळला तर? अणूंना बांधून ठेवणारे इलेक्ट्रॉन पापुद्र्यात निघून जातात आणि उरलेले धन आयन एकमेकांना दूर फेकतात. तुकडे कसे उडाले यावरून रेणूचा मूळ आकार कळतो. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत डोनाल्ड जेमेल यांच्या गटाने असे प्रयोग केले.

मारा खाऊन पापुद्रा मात्र खराब होतो, बदलावा लागतो. इतिहासात नाव राहतं ते यंत्राचं.

मी कर्वेनगरात राहतो. नगराला नाव अण्णांचं. पण त्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरलेल्या पार्वतीबाई आठवले तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? म्हणून कुठलाही इतिहास वाचताना मी आधी विचारतो: यात झिजलं कोण?