निनाव, नानकटाई आणि आजीचा विस्तव

आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीचा इतिहास म्हटला की तलवार आणि लेखणी ह्या दोहोंचा उल्लेख होतो, आणि तो होणे रास्तच आहे. पावनखिंडीतील बाजी प्रभू (१६६०), पुरंदरावरील मुरारबाजी (१६६५), शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी ही नावे आपल्या मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच पाठ होतात. परंतु ज्या चुलीवर ह्या घराण्यांचे अन्न शिजले तिची दखल क्वचितच घेतली जाते. आम्ही छत्तीस वर्षे मुलांना सनावळ्या शिकवल्या. त्यांत स्वयंपाकघराची एकही सनावळी नव्हती. ह्या अंकासाठी संपादकांनी जुन्या काळाविषयी काही लिहावे असे सुचविले, तेव्हा आमच्या मनात प्रथम आजीचे स्वयंपाकघर आले. त्यातही एकच लहानसा विषय येथे घेत आहोत. आपल्या घरांत पदार्थ भाजून काढण्याची जी कला होती, ती कशी होती, आणि बाहेरच्या भट्टीतला जिन्नस त्या घरांत कोणत्या वाटेने शिरला?

आधी शब्दाविषयी दोन वाक्ये. मराठीत भाजणे हे क्रियापद फार उदार आहे. वांगे भाजतात, पोळी भाजतात, पाव भाजतात आणि विटाही भाजतात. त्यामुळे चहूकडून उष्णता देऊन पिठाचा गोळा आतून शिजविणे आणि बाहेरून खरपूस करणे ह्या क्रियेला आपल्याकडे वेगळे नाव पडले नाही, आणि नाव नाही म्हणून ही विद्याच आपल्याकडे नव्हती, ती साहेबाबरोबर आली, असा अनेकांचा समज झाला. तो बरोबर नाही. वऱ्हाडातले रोडगे आणि खानदेशातली बट्टी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजली जाते. तळकोकणात तवशाचे धोंडस खाली व वर निखारे ठेवून करतात. गोव्यात ख्रिस्ती घरांतल्या बिबिंकेचा एकेक थर वरून विस्तव देऊन भाजतात. आणि आपल्याकडे निनाव आहे.

निनाव म्हणजे काय हे जुन्या मंडळींस सांगणे नको. पण अंक तरुणांच्याही हाती जातो, म्हणून सांगतो. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि थोडे गव्हाचे पीठ तुपावर तांबूस भाजायचे. नारळाच्या दुधात गूळ विरघळवून ते त्यात ओतायचे, जायफळ-वेलची घालून घट्ट होईपर्यंत ढवळायचे, आणि मग तूप लावलेल्या भांड्यात थापून खालून-वरून विस्तव द्यायचा. पदार्थ श्रावणातला. त्या महिन्यात मासळी बंद असल्याने आपल्या घरांत जी एक प्रकारची उदासी येते, तिच्यावर हा मोठा उतारा असे. ह्या पदार्थाला नाव सुचले नाही म्हणून निनाव, अशी व्युत्पत्ती घरोघर सांगतात. व्याकरणाच्या मास्तराने ती मान्य करावी की नाही हा प्रश्न आहे. आम्ही ती गोड म्हणून मान्य केली आहे.

आमचे गाव अलिबाग तालुक्यात. तो जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. आमचा जन्म १९५९ चा, त्यामुळे पुढील हकिगत साधारण १९६५ ते १९७५ ह्या दहा वर्षांतली समजावी. आजी तेव्हा साठी उलटलेली होती. घरात ती, आई, दोन काकू, लग्न व्हायची आत्या आणि आम्ही सात मुले. निनावाच्या दिवशी पहाटे दोन नारळ फुटत. काकू खवणीवर बसे, आई पाट्यावर खोबरे वाटी. पहिले दाट दूध वेगळे आणि दुसरे पातळ वेगळे, आणि त्यांची सरमिसळ केली तर आजीचा आवाज ओटीपर्यंत ऐकू येई. पीठ भाजण्याचे काम ती सूनबाईंवर सोपवी. विस्तव मात्र तिने कधी कोणाच्या हाती दिला नाही.

ह्या विस्तवाची रीत सविस्तर सांगतो, कारण ती छापलेली सहसा सापडत नाही. चुलीतला जाळ पूर्ण काढून घ्यायचा आणि खाली नुसती धग ठेवायची. तीही राखेखाली झाकलेली. कल्हईच्या पातेल्यात निनाव थापून ते त्या धगीवर बसवायचे. वर काठाचे पितळी ताट झाकण म्हणून ठेवायचे आणि त्या ताटात नारळाच्या करवंट्यांचे फुललेले निखारे पसरायचे. मधोमध कमी, कडेने जास्त. खाली कमी आणि वर जास्त असे का, असे आत्याने एकदा विचारले. आजी म्हणाली, “खालचा विस्तव शिजवतो, वरचा रंगवतो. शिजलेले तर आहेच.” आम्ही पुढे मुलांना उष्णतेचे वहन आणि प्रारण शिकविताना हेच दोन वाक्यांत सांगत असू. पीठ आधीच भाजलेले, दुधात आटलेले. तळाला जास्त आच दिली तर गूळ करपतो. वरच्या थराला मात्र कोरडी, थेट उष्णता लागते, तेव्हाच त्यावर तो तपकिरी पापुद्रा धरतो. हे सारे ती घड्याळाशिवाय करी. ताटावर वीतभर उंचीवर तळहात धरी, आणि वास बदलला की काडी टोचून पाही. तोवर कोणी माजघरात पाऊल वाजवायचे नाही. तो दरारा विस्तवाचा होता की आजीचा, हे आम्हा मुलांना सांगता आले नसते.

ह्या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. तिचे डोळे धुराने बाराही महिने लाल असत. पावसाळ्यातली ओली लाकडे, कौलाला एक लहानसे धुराडे, आणि हातात फुंकणी. सत्तरीत तिला सुईत दोरा ओवता येईना. आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग बायकांची. निनावाच्या चौकोनी वड्या दुसऱ्या पंगतीतच संपत. बायकांच्या वाट्याला पातेल्याची खरवड येई. ती खरवडच सगळ्यांत चविष्ट असते असे आई हसत सांगे. ती चविष्ट असते हे खरे आहे. पण वडी मागण्याची सोय नव्हती हेही तितकेच खरे आहे.

आता बाहेरच्या भट्टीकडे वळू. अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्याला पाव नवा नव्हता. चौलच्या ठाण्यात पोर्तुगीज दोन शतकांहून अधिक काळ होते. १७४० साली ते मराठ्यांच्या ताब्यात आले. पाव हा शब्दच त्यांचा, आणि कुंडलिकेच्या मुखापाशी कोर्लईस त्यांच्या भाषेची एक बोली अद्याप बोलली जाते. म्हणजे पाव आमच्या दारापासून काही मैलांवर शतकानुशतके भाजला जात होता, तरी आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. कारणे दोन. तो परधर्मीयांच्या हातचा. आणि त्याचे पीठ फुगविण्यास ताडी वापरीत.

ह्या निषेधाचे वजन केवढे होते हे इतिहासावरून कळते. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा स्थापिली. सभेत प्रवेश घेणाऱ्यास जातिभेद मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. सभा गुप्त होती. पुढे सभासदांच्या नावांची यादी बाहेर पडली आणि सभा मोडली. त्यानंतर १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे प्रकरण घडले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ह्यांच्यासारखी माणसे तेथे गेली होती. नावे वर्तमानपत्रात आली आणि प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. एवढ्या थोर पुरुषांची ही गत, तेथे कोकणातल्या सामान्य गृहस्थाने काय करावे? त्यात आपल्या ज्ञातीने वेदोक्ताच्या हक्कासाठी ग्रामण्ये सोसलेली. त्या लढ्याचा इतिहास प्रबोधनकार ठाकरे ह्यांनी १९१९ साली ग्रंथरूपाने दिला आहे. आमचे स्वतःचे मत असे की ज्यांच्या अधिकाराविषयी इतरांनी वारंवार शंका घेतली, ते लोक आचाराविषयी अधिकच जपून राहिले. सामिष खाणारी ज्ञाती असूनही पावाबद्दलची आमच्या घरांतली कडकपणाची वृत्ती ह्याशिवाय समजत नाही.

गंमत अशी, की सुधारकांच्या पावाने जे साधले नाही ते नानकटाईने साधले. दुसऱ्या महायुद्धानंतर वनस्पती तूप गावोगाव पोहोचले होते. डालडा १९३७ पासून बाजारात होता. मैदा व पिठीसाखर दुकानात मिळू लागली, आणि दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत घरचे पीठ भट्टीवर नेऊन नानकटाई भाजून आणण्याची चाल पडली. आमच्या घरी ही सूचना धाकट्या काकूने केली. ती गिरगावातली, तिने माहेरी हे पाहिले होते. वडील गप्प राहिले. थोरले काका म्हणाले, “आईला विचारा.” सगळ्यांना वाटले, प्रकरण तेथेच मिटले.

आजीने दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी तिने काकूला विचारले, “पीठ कोण मळणार?” काकू म्हणाली, “आपणच, आई. त्यांनी फक्त भाजायचे.” त्यावर आजी म्हणाली, “मग पीठ आपले, तूप आपले, हात आपले. विस्तवाला कुठे विटाळ असतो?” आणि ती स्वतः परात घेऊन बसली. वनस्पतीवर तिचा विश्वास नसल्याने निम्मे घरचे लोणकढे तूप घातले. तूप आणि साखर तळहाताने फेसता फेसता ते पांढरे झाले, मग मैदा, रवा, चिमूटभर सोडा. प्रत्येक गोळ्यावर एक चारोळी दाबली. ती आमच्या घराची खूण.

डबा घेऊन भट्टीवर जाण्याचे काम आमचे. भट्टीवाले मुसलमान गृहस्थ होते. पहाटेचे पाव निघाले की भट्टीची आच उतरू लागते, आणि ही उतरती आचच नानकटाईस मानवते. म्हणून घरगुती डबे दहाच्या पुढे घेत. पत्र्यावर गोळे मांडायचे, घराची चिठ्ठी ठेवायची, आणि वजनावर मजुरी द्यायची. त्या ओळीत गावातल्या सर्व ज्ञातींची मुले उभी असत आणि सर्वांचे पत्रे एकाच घुमटात जात. परत आल्यावर आजीने पहिला प्रश्न चवीचा केला नाही. “वर विस्तव कुठे ठेवतात?” असे तिने विचारले. वर विस्तव नसतो, आधी आत लाकडे जाळून विटाच तापवतात आणि मग त्या सगळीकडून धग देतात, हे आम्ही सांगितले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “म्हणजे ताटाऐवजी घरच तापवले. शहाणा आहे.” पुढच्या श्रावणात तिने निनावाचा एक तुकडा केळीच्या पानात बांधून त्या गृहस्थांकडे पाठविला. त्यांनी तो तेथेच खाल्ला आणि हे कोणत्या भट्टीत केले असे विचारले. त्यांच्याकडून आलेली खारी आजीने खाल्ली नाही, पण घरात येऊ दिली. मुलांनी खाल्ली. वर्षा-दोन वर्षांत आजारी माणसाला चहाबरोबर पाव चालू लागला, आणि मग तो सर्वांनाच चालू लागला. ना सभा झाली, ना ठराव, ना प्रायश्चित्त.

छापील पाकग्रंथांनी ह्या विद्येची किती नोंद ठेवली? रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, आणि कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. तिघांचे उपकार मोठे आहेत. विशेषतः ‘रुचिरे’ने वाटी-चमच्याचे माप देऊन नव्या सुनांची भीती घालविली. पण विस्तवाला वाटीचे माप लागू पडत नाही. आमच्या आईने आजीच्या तोंडून निनाव वहीत उतरविला आहे. पीठ, गूळ, नारळ ह्यांपुढे आकडे आहेत. विस्तवापुढे फक्त ‘बेताचा’ असे लिहिले आहे.

१९७४ साली मुंबईच्या काकांनी विजेचा गोल ओव्हन आणला. त्याची तार तळाशी होती. त्यात केलेला निनाव खालून लागला आणि वरून फिकाच राहिला. तेव्हा आईने स्टोव्हवर बिडाचा तवा लाल होईपर्यंत तापविला आणि पातेल्यावर उपडा धरला. पाच मिनिटांत रंग आला. आजीने दुरूनच वासावरून ओळखले. १९७८ साली ती वारली.

आमच्या सूनबाई पुण्यास नोकरी करतात. त्यांच्या ओव्हनला खाली-वर दोन्ही तारा आहेत. त्या १८० अंशांवर निनाव ठेवतात, आणि शेवटची दहा मिनिटे खालची तार बंद करून फक्त वरची चालू ठेवतात. हे त्यांनी कोठे वाचले नाही. आईच्या वहीतल्या ‘बेताचा’ ह्या शब्दावर तीन श्रावण खर्च करून काढले आहे. गेल्या खेपेस त्यांनी त्या शब्दापुढे पेन्सिलीने आकडा लिहिला, आणि पातेले पुसण्याआधी खरवड काढून स्वतःसाठी व मुलीसाठी वेगळ्या बशीत ठेवली. आम्हाला वडी मिळाली.