लॉकडाऊनमधली घरातली शाळा

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. रमजानची तरावीह आणि २५ मेची ईदची नमाजही आपण घरातच अदा केली. जूनमध्ये शाळा सुरू झाली, तीही मोबाईलवरच.

बऱ्याच घरांत मोबाईल एकच, तोही अब्बूंचा. ते कामावर गेले की वर्ग बुडाला. संध्याकाळी आधी भाईजानचा अभ्यास, मग बाजीची पाळी. तोवर नेटपॅक संपलेला.

सोयी नव्हत्या असं नाही. बालभारतीची पुस्तकं, उर्दू माध्यमाचीसुद्धा, पीडीएफमध्ये मोफत मिळत होती. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मराठी मालिका लागायची. तिला इंटरनेट लागत नव्हतं.

पहिलीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. तोवर काही मुलं कामाला लागली, काही मुली घरकामात अडकल्या त्या अडकल्याच.

इल्म मुलगा-मुलगी दोघांवर फर्ज आहे, हे आपण मानतो. मग पाळी लावताना बाजी मागे का? मोहल्ल्यात अशी मुलगी असेल तर तिच्या अम्मी-अब्बूंना सांगा: शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा नाही म्हणू शकत नाही.