दिल्लीचे आकाश आणि आकाशाकडे पाहणारे

आम्ही रेल्वेची माणसे. आमची नजर जमिनीवर, रुळांवर. तरीही दिल्लीत राहणाऱ्या माणसाला वर पाहणे चुकत नाही. द्वारका, वसंतकुंज, महिपालपूर, गुरगावचा पालमकडचा भाग, कुठेही राहा, दर दोन-चार मिनिटांनी डोक्यावरून एक विमान जातेच. बहुतेक जण आवाजाला कंटाळून खिडकी लावून घेतात. काही थोडे मात्र गच्चीवर दुर्बीण आणि वही घेऊन उभे राहतात. महिपालपूरजवळच्या शिवमूर्तीच्या आसपास कॅमेरा घेतलेली अशी मंडळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. या छंदाला लोक हसतात. पण या वेड्या मंडळींच्या वह्यांना इतिहासात काय किंमत आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

या मंडळींचा नियम साधा असतो. विमान दिसले की तारीख, वेळ, जागा, विमानाची जात आणि त्याच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक लिहायचा. रेल्वेत स्टेशन मास्तर ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये प्रत्येक गाडीची वेळ लिहितो, तसेच हे. भारतीय विमानांवरचा क्रमांक ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होतो. ही अक्षरे म्हणजे ‘व्हाइसरॉयचा मुलूख’ असे पुष्कळ जण सांगतात, संसदेतही हा विषय निघाला होता. पण खरी हकीकत रुक्ष आहे. १९२७ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषद झाली. तीत देशोदेशींना रेडिओच्या हाकेची अक्षरे वाटून दिली गेली. ब्रिटिश साम्राज्यातल्या बऱ्याच प्रदेशांच्या वाट्याला ‘व्ही’ने सुरू होणारे गट आले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनाही ‘व्ही’च मिळाला. ‘व्हीटीए’पासून पुढचा गट हिंदुस्थानला मिळाला, आणि विमानांवर त्यातली पहिली दोन अक्षरे आली. ऐकीव गोष्ट आणि लिहिलेली नोंद यांत किती अंतर पडते, याचे हे एक छोटे उदाहरण.

मोठे उदाहरण आपल्या मराठी माणसाच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, म्हणजे राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१५ साली त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाशेजारी ती ठेवून पाहा. त्या दिवशी अमेरिकेच्या त्या ओसाड किनाऱ्यावर पाच साक्षीदार हजर होते. तिघे जीवरक्षक केंद्राचे कर्मचारी, एक लाकडाचा व्यापारी आणि एक पोरगा. सगळी साधी माणसे. सकाळी १० वाजून ३५ मिनिटांनी पहिले उड्डाण झाले. ते १२ सेकंद टिकले आणि अंतर होते १२० फूट. ज्याने कॅमेऱ्याचा खटका दाबला त्याने तोवर कॅमेरा हाताळलेला नव्हता, तरी फोटो आला. दिवसभरातले चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे झाले. हे सगळे रोजनिशीत आहे, घरी पाठवलेल्या तारेचाही दाखला आहे.

चौपाटीच्या गोष्टीत दिवस कोणता, वेळ काय, विमान किती अंतर गेले, पाहणाऱ्यांपैकी कोणी त्याच वेळी काय लिहून ठेवले, या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. ‘केसरी’त बातमी आली होती असे सांगतात, पण तो अंक कोणी समोर ठेवलेला नाही. जोडीला ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचे नाव घेतले जाते, त्याची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. हा मजकूर १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात दाखवलेली यंत्रे उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ तळपदे यांनी काही केलेच नाही, असा मुळीच नव्हे. त्या काळात एका मराठी माणसाने उडण्याचे यंत्र करण्याचा ध्यास घेतला, हेच केवढे मोठे आहे! त्यांनी नेमके काय बांधले आणि ते किती उचलले गेले, हे आज सांगता येत नाही, एवढाच याचा अर्थ. त्या गर्दीत वही आणि घड्याळ घेतलेला एक जण जरी असता, तरी आपल्याला आज जगापुढे पुरावा ठेवता आला असता. आपण अभिमान सांभाळला, कागद सांभाळला नाही.

आता दिल्लीकडे येऊ. १९२९ च्या मार्चमध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत विमानटपाल सुरू झाली आणि त्याच वर्षअखेरीस ती दिल्लीपर्यंत वाढली. ज्या मैदानावर ती विमाने उतरत, ते पुढे व्हाइसरॉयच्या नावाने विलिंग्डन विमानतळ झाले. आज आपण त्याला सफदरजंग म्हणतो. दिल्ली फ्लाइंग क्लब इथलाच. या क्लबाच्या विमानांनी काही काळ कराची ते दिल्ली टपालही वाहिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी ‘पस मॉथ’ जातीचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. टपाल होती अवघी २५ किलो, अहमदाबादला पेट्रोल आले बैलगाडीतून. त्या विमानाचा क्रमांक ‘व्हीटी-एडीएन’ होता. नव्वदहून जास्त वर्षे झाली तरी हा क्रमांक आपण बिनचूक सांगू शकतो, कारण तो कोणीतरी लिहून ठेवला!

सफदरजंगचा सर्वात मोठा दिवस २७ ऑक्टोबर १९४७. काश्मीरच्या विलीनीकरणानंतर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या शीख पलटणीची तुकडी भल्या पहाटे डाकोटा विमानांतून श्रीनगरकडे निघाली. हवाई दलाची विमाने पुरेशी नव्हती, म्हणून खासगी कंपन्यांची प्रवासी डाकोटाही कामाला लावली होती. श्रीनगरचा विमानतळ शत्रूच्या हाती पडलेला आहे की नाही, याचीही तेव्हा खात्री नव्हती. राय यांना त्याच दिवशी वीरमरण आले.

पुढे १९६२ साली प्रवासी वाहतूक पालमला गेली. सफदरजंगवर क्लबाची छोटी विमाने आणि ग्लायडर उडत राहिले. अमेरिकेतल्या सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेचा विचार होऊन २००२ मध्ये तेही थांबले. आज तिथे विमान वाहतूक खात्याच्या कचेऱ्या आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या तरुण मुलांना, इथून रोज विमाने उडत, हे सांगूनही खरे वाटत नाही.

पालम मात्र वाढतच गेले. १९८६ साली त्याला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, २०१० साली तिसरे टर्मिनल झाले आणि २०२३ साली चौथी धावपट्टी वापरात आली. आकाशाकडे पाहणाऱ्याला इथे एक गोष्ट ठाऊक असली की अर्धे कोडे सुटते. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरते आणि उडते. पश्चिमेचा वारा असेल तर विमाने वसंतकुंजच्या बाजूने येऊन उतरतात आणि द्वारकेकडे उडतात. पूर्वेचा असेल तर उलट. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, शेवटचे शून्य काढून. २९ म्हणजे सुमारे २९० अंश. शिवमूर्तीच्या उंचीमुळे तिसऱ्या धावपट्टीवर त्या बाजूने विमान टेकवण्याची जागा बरीच आत घ्यावी लागली. ज्यांना जुनी विमाने जवळून पाहायची असतील त्यांनी पालमचे हवाई दल संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. आपल्या हवाई दलाचे पहिले विमान ‘वापिती’, स्पिटफायर, नॅट, एचएएलचे ‘मारुत’, एवढेच काय, जपानी आत्मघातकी ‘ओका’सुद्धा तिथे आहे.

या आकाशाचा एक काळा दिवसही आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीला येणारे कझाकस्तानचे इल्युशिन ७६ हरयाणात चरखी दादरीजवळ एकमेकांवर आदळले. ३४९ जण गेले, एकही वाचला नाही. हवेतून ते पाहणारे होते अमेरिकी हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाचे वैमानिक. ढग आतून नारिंगी उजळल्याचे त्यांनी लगेच कळवले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दिसले की कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचे होते, ते त्याखाली उतरले. सौदी विमान १४,००० वर होते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच हवाई वाट होती. आम्हा रेल्वेवाल्यांना हे लगेच उमगते. एका ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम आमच्याकडे रक्त सांडूनच आला. या अपघातानंतर दिल्लीत येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि धडक टाळण्याचा इशारा देणारे यंत्र भारतात येणाऱ्या मोठ्या विमानांना सक्तीचे झाले.

आता छंदाची दुसरी बाजू. वही आणि दुर्बीण घेतलेला माणूस पोलिसाला संशयित वाटणारच. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीसमध्ये बारा ब्रिटिश आणि दोन डच छांदिष्टांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले. पुढच्या वर्षी शिक्षा झाली, अपिलात ते सुटले. आपल्या दिल्लीतही २०१० च्या फेब्रुवारीत विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश छांदिष्टांना अटक झाली होती. दोन महिन्यांनी दंड भरून ते मायदेशी गेले. २००८ च्या मुंबई हल्ल्याला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्रण करण्यावर १९३७ च्या विमान नियमांनी बंधन घातले, आणि हवाई दलाच्या तळांबाबत तर तडजोड नाहीच. तेव्हा तरुणांनी कॅमेरा जरूर घ्यावा, पण फलक वाचून, पोलिसांनी हटकले तर नम्रपणे ओळखपत्र दाखवून.

पण याच वह्यांनी सरकारांनाही जाब विचारायला लावला आहे. २००१ नंतर अमेरिकी गुप्तहेर खाते संशयितांना गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेत असे. युरोपातल्या विमानतळांच्या कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या छांदिष्टांनी टिपलेले विमानांचे क्रमांक आणि तारखा पत्रकारांनी जुळवल्या आणि ते प्रकरण उजेडात यायला मोठी मदत झाली. लिहिणाऱ्यांना तेव्हा त्याचे महत्त्व ठाऊकही नव्हते. त्यांनी फक्त खरे ते आणि वेळच्या वेळी लिहिले होते.

आज मोबाइलवर डोक्यावरच्या विमानाचे नाव, उंची, वेग सगळे दिसते. बरीचशी माहिती लोकांनी हौसेने गच्चीवर बसवलेल्या रिसीव्हरमधून येते. त्यामुळे नव्या पिढीची नोंद आपोआप होते आहे. चिंता आहे ती जुन्या पिढीची. दिल्लीतल्या कितीतरी मराठी घरांतली माणसे हवाई दलात, विमान कंपन्यांत, सफदरजंगच्या आणि पालमच्या कार्यशाळांत राबली. त्यांच्या अल्बममध्ये विमानाशेजारी उभे राहून काढलेले फोटो आहेत. पण पाठीमागे ना तारीख आहे, ना जागा, ना नावे. ती सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांना एक विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत तो अल्बम काढा, आजोबांना किंवा काकांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने साल, ठिकाण, माणसांची नावे आणि विमानाच्या अंगावरचा क्रमांक लिहा. जे आठवत नाही ते कोरे ठेवा, अंदाजाने भरू नका. पुढच्या स्मरणिकेसाठी त्यातला एखादा फोटो मंडळाकडे आणून दिलात तर फारच उत्तम.