किरकोळ विक्री कंपन्या आणि वांशिक समता : मूल्यमापनाचे निकष

अमेरिकेतील किरकोळ विक्री कंपन्या वांशिक समता आणि सर्वसमावेशकता यांना कितपत पाठबळ देतात, हे ठरवताना त्यांच्या निवेदनांपेक्षा मोजता येणारी उद्दिष्टे आणि त्यांचे सातत्य अधिक महत्त्वाचे ठरते. मे २०२० मध्ये मिनियापोलिस इथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी याबाबत आश्वासने दिली. त्यांची पारख प्रामुख्याने चार निकषांवर करता येते.

नोकरी आणि बढती : १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे अमेरिकी सरकारने १९६६ पासून मोठ्या खासगी कंपन्यांकडून कर्मचाऱ्यांचा वंश, लिंग आणि पदश्रेणीनुसार तपशील मागवण्यास सुरुवात केली. तो जनतेसमोर मांडणे मात्र कंपनीच्या इच्छेवर राहिले. त्यामुळे तपशील स्वतःहून प्रसिद्ध करणे ही पहिली कसोटी होय. केवळ एकूण संख्या पुरेशी नसते. विक्री कक्ष आणि गोदामांतील प्रमाण व्यवस्थापनातही दिसते का, हे पाहावे लागते.

पुरवठादार : वेशभूषाकार ऑरोरा जेम्स यांनी २०२० मध्ये, दुकानांतील मालापैकी १५ टक्के माल कृष्णवर्णीयांच्या उद्योगांकडून घ्यावा, असे आवाहन केले. सौंदर्यप्रसाधने विकणारी सेफोरा ही ते स्वीकारणारी पहिली मोठी कंपनी ठरली.

ग्राहकांना वागणूक : एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातील स्टारबक्सच्या उपाहारगृहात थांबलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाली. त्यानंतर कंपनीने २९ मे रोजी ८,००० हून अधिक उपाहारगृहे दुपारी बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि खरेदी न करताही तिथे बसण्याची मुभा दिली. ही मुभा जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आली.

सातत्य : वॉलमार्टने २०२० मध्ये वांशिक समता केंद्रासाठी पाच वर्षांत १० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली, मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये या केंद्राला मुदतवाढ न देण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२५ अखेरपर्यंत कृष्णवर्णीयांच्या उद्योगांवर २ अब्ज डॉलर खर्च करण्याचे आश्वासन देणाऱ्या टार्गेटने जानेवारी २०२५ मध्ये आपली वांशिक समतेची उद्दिष्टे संपुष्टात आणली. त्याच महिन्यात कॉस्टकोच्या भागधारकांनी मात्र विविधता धोरणाला आव्हान देणारा प्रस्ताव ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला.

आश्वासन मागे घेतल्याचा फटका केवळ प्रतिमेला बसत नाही. मोठ्या दुकान साखळीच्या मागणीवर विसंबून उत्पादन वाढवणाऱ्या लहान उद्योजकाचे भांडवल त्यात अडकलेले असते. म्हणूनच उद्दिष्ट किती, मुदत कोणती, आकडेवारी कोण तपासणार आणि मुदत संपल्यावर पुढे काय, या प्रश्नांची उत्तरे देणारी कंपनीच या परीक्षेत उतरते.