पणजोबांचा फसली सन

निजामाच्या काळात आपल्या मुखेडचं महसुली दप्तर उर्दूत चाले. घराण्याची वंशावळ जुळवताना पणजोबांच्या नावाचा शेतसाऱ्याचा असाच एक कागद मिळाला. त्यावर सन होता १३४५! तो फसली सन. त्यात ५९० मिळवले की १९३५ येतं. फसल म्हणजे पीक. सुगीच्या हिशेबाने सारा वसूल व्हावा म्हणून मुघलांनी ही कालगणना रुजवली, निजामाने पुढे चालवली. मुखेडच्या एका शेतकऱ्याचा धागा असा थेट मुघल दरबाराशी जुळला. १९४८ ला निजामाची राजवट संपली, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आलो; शेत मात्र तेच राहिलं. मित्रांनो, जुनी उर्दू आणि मोडी वाचणारे आता थोडेच उरलेत. आपापल्या घरचे कागद त्यांच्याकडून वेळेत वाचून घ्या.